सासूबाईंचा नसलेला ब्रेक

आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. हे सांगितलं की माझ्या मैत्रिणी माझ्याकडे संशयाने बघतात. सून सासूचं कौतुक करतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांचं मत. मुरू दे. खरं ते खरं. माझा स्वतःचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि माझं डोकं तापायला काडीसुद्धा लागत नाही. सासूबाई मात्र दूध उतू गेलं तरी "अगंबाई" एवढंच म्हणायच्या, तेही दुधाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

त्यांचा धंदा मोटार शिकवण्याचा. एक छोटी पांढरी गाडी, टपावर लाल पाटी, आणि आत दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटसमोर, सासूबाईंच्या पायाखाली. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडे शिकल्या. त्या बायकांचे नवरेही शिकले, पण ते कुणाला सांगत नाहीत. सगळे त्यांना 'मौनी मॅडम' म्हणतात.

ह्या मौनाला इतिहास आहे. तरुणपणी त्यांच्या थोरल्या भावाने त्यांना गाडी शिकवायला घेतली. हे आमचे मामेसासरे म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण शेजारी बसले की नुसता भोंगा. "ब्रेक! ब्रेक! अगं ब्रेक!" असे काही ओरडले की सासूबाईंचा पाय घाबरून पडला तो नेमका ॲक्सिलरेटरवर. गाडी धोब्याने वाळत घातलेल्या चादरींमधून आरपार गेली आणि पलीकडे निघाली ती नखशिखान्त चादरी लपेटून. आत काळोख, बाहेर धोब्याचा आरडाओरडा, आणि शेजारी भाऊ अजून "ब्रेक! ब्रेक!" करतोय. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला. ओरडलं की माणसाचा पाय गोंधळतो, म्हणून शेजारी बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. दिसलं की दाबायचं. बस्स.

शिकवताना त्यांना बघावं. मांडीवर पर्स, नजर समोर, चेहरा कुणाकडे तरी चहाला निघाल्यासारखा. चेंडूमागे एखादं पोर रस्त्यात येतं, गाडी अलगद थांबते, आणि स्टिअरिंगवरच्या माणसाला वाटतं, वा, आपणच थांबवली! सासूबाईही म्हणतात, "छान दाबलास हो." मी एकदा विचारलं, "आई, खोटं का सांगता त्यांना?" तर म्हणतात, "खोटं कुठलं? आज नाही दाबला तर उद्या दाबेल. मी आगाऊ कौतुक करून ठेवते."

सासऱ्यांचा धंदा आणखीच न्यारा. ते कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, प्लास्टरचे साचे, गुलाबी हिरड्या आणि सुबक दात. मी लग्न होऊन नवी नवी आले होते तेव्हा एकदा चुकून तिथलं फडताळ उघडलं. आत जबड्यांची रांगच्या रांग माझ्याकडे बघून हसत होती. मी किंचाळले ते शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. सासूबाई शांतपणे आल्या, फडताळ लावलं आणि म्हणाल्या, "चावत नाहीत." तेव्हापासून ही बाई मला जी आवडली ती आवडलीच.

तर त्या दिवशी सासऱ्यांना तयार कवळ्या दवाखान्यात पोचवायच्या होत्या आणि मला कामावर सोडायचं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. सासूबाईंना सुट्टी होती म्हणून त्याही निघाल्या. गाडी घरची, म्हणजे साधी, एकाच ब्रेकची. सासरे चालवत होते, सासूबाई त्यांच्या शेजारी, आणि मी मागे, मांडीवर कवळ्यांचं खोकं घेऊन. सासरे मजेत होते. एका मॅनेजरची गोष्ट सांगत होते, जो घाईत बायकोची कवळी घालून ऑफिसला गेला आणि दिवसभर कुणाला रागावूच शकला नाही. आमच्या पुढे एक ट्रक चालला होता. त्यावर निळी प्लास्टिकची पिंपं उतरंडीसारखी रचलेली.

वळणावर त्यातलं एक पिंप सुटलं आणि टणाटण उड्या मारत आमच्याकडे आलं. सासऱ्यांनी "अरे अरे अरे" म्हणत गाडी वळवली. पिंप बाजूने गेलं, पण आम्ही कुंपण तोडून थेट एका नर्सरीत शिरलो. म्हणजे झाडांच्या नर्सरीत, मुलांच्या नव्हे. कुंड्या फुटत गेल्या, पानं काचेवर आपटत गेली, आणि गाडी खताच्या ढिगावर नाक वर करून थांबली. कुठलातरी पाण्याचा पाइप तुटला असावा. काचेवर धो धो पाणी यायला लागलं. सासऱ्यांनी सवयीने वायपर लावले.

वायपर आपला इकडून तिकडे चाललाय.

"आहेत का सगळे?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "आहे," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नर्सरीवाली बाई हातात खुरपं घेऊन धावत आली. ती भांडायच्याच तयारीत होती, आणि का असू नये? पण मी दार उघडताच कवळ्यांच्या खोक्याने दगा दिला. झाकण उडालेलं, त्यात मी धडपडले, आणि सगळ्या कवळ्या तिच्या पायाशी चिखलात. बाईने खाली बघितलं. पुन्हा आमच्याकडे बघितलं. मग तोंडावर हात घेतला. "अगं आई गं! केवढे हे दात पडले माणसांचे!"

"घाबरू नका," सासरे खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "सगळे माझेच आहेत."

ती मटकन एका उपड्या कुंडीवर बसली. मला आधी घशात काहीतरी हुळहुळल्यासारखं झालं. मग जे हसू फुटलं ते थांबेना. सासरे हसायला लागले. खत अंगावर, पाणी डोक्यावर, आणि आम्ही दोघं मोगऱ्याच्या रोपांतून वरचे जबडे नि खालचे जबडे वेचतोय. शेवटी ती बाईही हसली, आणि खुरप्याच्या टोकावर एक कवळी उचलून म्हणाली, "ही बघा, माझ्या गुलाबाला चावत होती!" तिघांची हसून हसून मुरकुंडी वळली. जिवंत होतो हो आम्ही! हात होते, पाय होते, नाक जिथल्या तिथे होतं. माणसाला आपण आहोत ह्याचाच इतका आनंद होऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग लक्षात आलं की सासूबाई अजून गाडीतच आहेत.

"पाय उचलवत नाहीये गं," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक. पाय गाडीच्या तळाशी रुतल्यासारखा टेकलेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाय कशावर आपटला?"

"आपटला नाही. दाबला," सासूबाई म्हणाल्या.

"कशावर?"

"ब्रेकवर."

"म्हणजे गाडी तुम्ही चालवत होता?"

"नाही. हे चालवत होते."

"मग ब्रेक?"

"नव्हता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "ह्यांच्या डोक्याला मार लागलाय का?" मी तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळले होते. फोटोत घोट्याजवळचं हाड मोडलेलं निघालं. गाडी खतात शिरली, कुंड्यांचा चुरा झाला, पण आमच्यापैकी कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. मोडलं होतं ते एकच हाड, आणि तेही नसलेला ब्रेक दाबून मोडलेलं. सासऱ्यांनी नंतर गाडी तपासली तर तिथला पत्राही दबला होता.

पुढचे दिवस आमच्या घराला खूळ लागल्यासारखे गेले. माझा नवरा बातमी ऐकून धावत आला. आधी रडला, मग आमच्यावर ओरडला, मग दातांची गोष्ट ऐकून जमिनीवर लोळला. सासरे सकाळी उठले की खिडकी उघडून "वा! पुन्हा उजाडलं!" म्हणायचे, जसं काही उजाडणं त्यांच्यासाठी खास मागवलं होतं. चहा प्यायले की डोळे मिटायचे. पोस्टमनला मिठी मारली, बिचारा पार्सल टाकून पळाला. नर्सरीचं कुंपण स्वतःच्या हाताने बांधायला गेले आणि तिथेच जेवून आले. माझी दुकानात तीच गत. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचायला तोंड उघडायचं, मला त्याचे दात दिसायचे, आणि झालं! मालकांनी मला आतल्या खोलीत काचा पुसायला बसवलं.

"जिवावरचं शेपटावर निभावलं," सासरे दिवसातून दहादा म्हणायचे.

"शेपूट बरं माझंच सापडलं," सासूबाई म्हणायच्या. पण हसायच्या नाहीत. प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर, आणि नजर खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर. आम्हाला वाटायचं, पाय दुखत असेल. माणूस आनंदात असला की दुसऱ्याचं तोंड नीट बघत नाही.

एक दिवस नर्सरीवाली बाई त्यांना बघायला आली. आता ती घरचीच झाली होती. तिने सगळा प्रसंग करून दाखवला: ती कशी धावली, दात कसे पडले, सासरे खिडकीतून काय बोलले. आम्ही पोट धरून हसत होतो. डोळे पुसत सासरे म्हणाले, "आणि चूक तरी कुणाची म्हणायची? पिंप सुटतंय हे कुणाला दिसलंच नाही ना!"

"मला दिसलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. तरी सगळे एकदम थांबलो.

"पिंपांचा दोर सैल झालेला मला वळणाच्या आधीच दिसला होता. मी ब्रेक दाबला. पाय खाली जाईना तर आणखी दाबला. पिंप सुटलं, समोर आलं, आणि मी आपली दाबतेच आहे. तोंडातून ब्र निघाला नाही. 'अहो, थांबा.' दोन शब्द. तेवढे बोलले असते तर हे सावकाश थांबले असते." मग माझ्याकडे बघितलं. "ही मागे बसली होती."

"अगं पण झालं काय शेवटी?" सासरे म्हणाले. "काही नाही! आपण सगळे आहोत की! देव तारी त्याला कोण मारी!"

"देवाने तारलं. मी नाही. शेजारी बसून जिला तोंड उघडता येत नाही, तिच्या भरवशावर लोकांनी पोरं गाडीत बसवायची का?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "मी आता कुणाच्या शेजारी बसणार नाही. शिकवणं बंद."

त्यांनी ते हळूच सांगितलं म्हणून आम्हाला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. कसल्या विसरतात! प्लास्टर निघालं, पाय बरा झाला, बाई जिने चढायला लागल्या, पण गाडीच्या जवळ फिरकेनात. डॉक्टरांकडेसुद्धा बसने गेल्या, तेही मागच्या सीटवर, जिथून पुढचं काही दिसत नाही. शिकणाऱ्यांचे फोन आले की "दुसरीकडे जा हो" म्हणून ठेवून द्यायच्या. गॅरेजवाल्याला बोलावून दुसरा ब्रेक काढून टाकला आणि त्या भोकात रबराचं बूच बसवून घेतलं, कारण दोन ब्रेकची गाडी कोण घेणार? गिऱ्हाईकही ठरलं. रविवारी सकाळी येऊन गाडी घेऊन जाणार होतं.

मला सांगा, हे मला बघवणार होतं का? सासरे सगळ्या जगाचे आभार मानत फिरतायत, मी काचा पुसता पुसता हसतेय, आणि जिने आमच्यासाठी हाड मोडून घेतलं ती खिडकीत बसून स्वतःला आरोपी ठरवतेय. मला राग आला. रागाच्या पोटात भीती होती. ही बाई आता अशीच खिडकीत बसून म्हातारी होणार, आणि आपण बघत राहणार.

रविवारी सकाळी मी पांढऱ्या गाडीची किल्ली घेतली आणि खाली जाऊन स्टिअरिंगसमोर बसले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मला गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी. शिकाऊ परवाना काढायचा, मुदत संपेपर्यंत पर्समध्ये मिरवायचा, मग नवा काढायचा, हा माझा छंद. परवान्यावरच्या फोटोत मी दर वेळी थोडी जाडी असते, एवढीच काय ती माझी प्रगती. सासूबाई म्हणायच्या, "शिकवते चल." मी म्हणायचे, "उद्या." पण त्या सकाळी उद्या उरलाच नव्हता.

मी इंजिन चालू केलं. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केलं, पुन्हा उडी. वर खिडकीत सासूबाई उभ्या राहिल्या. नवरा दात घासत गॅलरीत आला आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

"अगं काय चालवलंयस?" तो ओरडला.

"गाडी!" मी त्याच्या दुप्पट ओरडले.

तिसऱ्या उडीला मी फाटकाच्या खांबाजवळ पोचले. तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई लंगडत, पदर खोचत खाली आल्या. शेजारचं दार उघडलं आणि क्षणभर दारातच थांबल्या. समोर ब्रेकच्या जागी काळं बूच होतं.

"ह्यात ब्रेक नाहीये," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे आहे की एक."

"तुला दाबता येतो का?"

"शेजारी कुणी बसलं तर येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम क्लच सोडला. गाडी उडाली, आणि सासूबाई जवळजवळ उडी मारूनच आत आल्या. "मेले, आरसा तरी बघ आधी!" त्यांच्या तोंडून मी 'मेले' पहिल्यांदाच ऐकलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

निघालो. मी चालवत होते म्हणण्यापेक्षा गाडी मला नेत होती. सासूबाईंनी एका हाताने दार धरलेलं, दुसऱ्या हाताने सीट. पाय सारखा त्या बुचावर दाबला जात होता. समोरून सायकल आली, पाय बुचावर. कुत्रं आडवं गेलं, पाय बुचावर. मला दर वेळी दिसत होतं, आणि दर वेळी त्यांच्या कपाळावर घाम फुटत होता.

"आई, पाय नाही, तोंड!" मी म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा मिटलं. डोळे भरून आले होते.

"बोला ना काहीतरी. मला शिव्या द्या."

"गिअर," त्या कुजबुजल्या. "गिअर बदल गं."

एवढं का होईना, बोलल्या. मी खुशीत गिअर बदलला, तो चुकीचा बदलला, गाडी घुरघुरली आणि आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. रविवार असूनही रस्ता भरलेला. मागून बस, बाजूला दुचाक्या, एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडायच्या बेतात. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं होतं, पण खरं सांगते, आतून गुदगुल्याही होत होत्या. मी! मोठ्या रस्त्यावर! नवरा गॅलरीत ब्रश घेऊन अजून उभा असेल!

पुढे कडेला एक टेम्पो उभा होता. त्याच्यामागून शिडीचं एक टोक रस्त्यात आलं. नुसतं टोक. माणूस दिसत नव्हता.

मला दिसलं. माझा पाय गेला. आणि तेवढ्यात माझ्या कानाशी असा आवाज फुटला की मला वाटलं बसचा भोंगाच आत शिरला.

"ब्रेऽऽऽक!"

रस्ता थांबला. नुसता आमचा नाही, सगळा. मागची बस थांबली, दुचाक्या थांबल्या, सायकलवाल्याने पाय टेकला, भाजीवाली बाई एक पाऊल उचललेलं तसंच धरून उभी राहिली. टेम्पोमागून शिडीसकट एक रंगारी बाहेर आला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. सगळं गाव आपल्याकडेच बघतंय असं पाहून विचारलं, "काय हो, काय झालं?"

सासूबाई दोन्ही हात तोंडावर घेऊन बसल्या होत्या. "थांबली?"

"थांबली."

"मी ओरडले म्हणून थांबली?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? त्यांना तेच ऐकायचं होतं. पण मला नाही जमलं. "आई, मी आधीच दाबला होता."

"खरं?"

"तुमची शपथ. तुम्ही ओरडलात तेव्हा माझा पाय ब्रेकवर होता."

"तू दाबलास? आपला आपण?"

"मग कुणी दाबला? तुमच्याकडे तर बूच आहे."

त्यांनी खाली बुचाकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण नाही! हसत होत्या. त्या दिवशी खतात आम्ही हसलो तसं, पोटापासून, खो खो, पर्स मांडीवरून खाली पडेपर्यंत. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मीही सुरू झाले. रंगारी शिडी घेऊन आमच्यासमोरून सावकाश गेला आणि जाताना काळजीने काचेतून डोकावला.

हसता हसता त्या थांबल्या. मान वळवून मागे बघत राहिल्या. बसचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. त्याच्या मागेही गाड्यांची रांग होती.

"अगं, किती जण थांबलेत बघ."

"तुमच्या आवाजाने घाबरले असतील."

"नाही गं. रोजच थांबतात." त्या हळूच बोलत होत्या. "माझ्या नवख्यांच्या गाड्या कितीदा मधेच बंद पडल्या. मागचे थांबले, बाजूचे थांबले. सगळ्यांनी ब्रेक दाबले. माझ्या पायाखाली एकच होता, आणि मी समजत होते की माझ्या एकटीच्या पायावर हे सगळं चाललंय." त्यांनी डोळे पुसले. "त्या दिवशीसुद्धा मागे कुणीतरी असेलच ना? आपण वळलो तेव्हा त्याने दाबला असेल. मी त्याचं तोंडही बघितलं नाही."

मग आमच्या सासूबाईंनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकल्या आणि बसवाल्याला हात करून ओरडल्या, "थँक्यू होऽऽ!" तो दचकला. मग हसला आणि त्यानेही हात केला. मग सायकलवाल्याला थँक्यू. भाजीवाल्या बाईला थँक्यू. बसमधल्या लोकांना सगळ्यांना मिळून एक. मी गाडी चालू केली, उडी मारत निघाले, आणि पुढच्या प्रत्येक चौकात जो जो म्हणून थांबला त्याला त्याला त्या थँक्यू म्हणत होत्या. लोक आधी चमकायचे आणि मग हसायचे. एकाने तर पुढच्याला जायला सांगून स्वतः पुन्हा थांबून दाखवलं. मधेच आत वळून मला, "क्लच, मेले, क्लच!" आणि पुन्हा बाहेर, "थँक्यू होऽऽ!" काय सांगू तुम्हाला, गावाने इतकी मोठी गंमत रविवारी सकाळी कधी पाहिली नसेल.

घराजवळ आलो तर दारात गिऱ्हाईक उभं. गोरागोमटा, भिडस्त माणूस, हातात रिकामी पिशवी, जशी काही गाडी पिशवीत घालून न्यायची होती. शेजारी सासरे आणि माझा नवरा. आम्हाला बघून तिघांच्या जिवात जीव आला. नवऱ्याने हात वर करून थांबायची खूण केली.

मी पाय ब्रेककडे नेला.

"थांबू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, तो माणूस गाडी न्यायला आलाय."

"माहितेय. सरळ घे. पहिला गिअर, आरसा बघ, आणि सरळ." मग काचेतून डोकं बाहेर काढून नव्या कोऱ्या आवाजात त्या माणसाला म्हणाल्या, "माफ करा होऽऽ! गाडी विकायची नाही! उद्यापासून क्लास सुरू! शिकायचं असेल तर या!"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला. मी आरशात बघितलं, तेवढंच आता मला नीट जमत होतं. सासरे धावत रस्त्याच्या मधोमध आले होते आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते, नाचत होते, आणि त्यांच्या मागे एक टेम्पो त्यांच्या टाळ्या संपायची वाट बघत निमूट उभा होता.